तव्यावरचा नान

"मावशी, तव्यावर केलेला तो नान नव्हेच. नानच्या आकाराची पोळी म्हण हवं तर." आमचा एक भाचा गेल्या दिवाळीत असं म्हणाला आणि चार नान खाऊन उठला. भाचा हुशार आहे आणि हॉटेलांतून पुष्कळ जेवतो, त्यामुळे खाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्या घराण्यात प्रमाण मानतात. पण मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. 'खरं' आणि 'नकली' हे शब्द कुणी इतक्या सहज वापरले की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणत्या काळातलं खरं? कुणाच्या घरातलं? तर मंडळी, आज जरा नानची वंशावळ पाहू.

सुरुवात शब्दापासून करते, जुनी सवय आहे. फारसीत 'नान' म्हणजे भाकरी. जाड, पातळ, फुगलेली, बसकी, कुठेही भाजलेली, कशीही. परदेशात दुकानांतून 'नान ब्रेड' असं लिहिलेलं असतं, तो आपल्या 'पिवळ्या पीतांबरा'चा सख्खा भाऊ. हा शब्द आपल्या घरात नानकटाईच्या रूपानं केव्हाच शिरलेला आहे. उत्तरेकडे नान भाजून विकणाऱ्याला 'नानबाई' म्हणतात, आणि हा नानबाई चांगला दाढीमिशांचा पुरुष असतो. वर्गात हे सांगितलं की मुली फार हसायच्या.

'तंदूर' हा शब्द मात्र फारसीच्याही आधीचा. मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत 'तिनूरू', हिब्रू आणि अरबीत 'तन्नूर', फारसीत 'तनूर', असा तो हजारो वर्षं पूर्वेकडे चालत आला आहे. आणि तवा? फारसीत तो 'तावा' किंवा 'ताबा'. त्याच्या मुळाशी तापण्याचा जो धातू आहे, तोच संस्कृतातल्या 'तप्'च्या मुळाशी आहे. म्हणजे आपलं तापणं, ताप आणि तवा ही एकाच कुळातली माणसं. एकूण काय, नान या नावात तंदूरही नाही आणि तवाही नाही. भाच्याचा पहिला मुद्दा इथेच थोडा लंगडा पडतो.

आता कागदोपत्री पुरावा. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अकबराच्या मुदपाकखान्याचं वर्णन आहे. त्यात रोटीवर एक छोटंसं कलम आहे. ब्लॉकमननं १८७३ साली केलेला इंग्रजी अनुवाद मी निवृत्तीनंतर शब्दकोश शेजारी घेऊन वाचला. त्या कलमात रोटीचे दोन प्रकार दिले आहेत. एक मोठी, भट्टीत भाजलेली. तिचं प्रमाण दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ. दुसरी पातळ, लोखंडी तव्यावर भाजलेली. एका शेरात पंधरा किंवा त्याहून जास्त होतात, आणि तिच्यातल्या एका प्रकाराला चपाती म्हणतात. गरम गरम वाढली की ती फार चांगली लागते, असंही अबुल फजल सांगतो. हे कळायला बादशहाच्या दरबारात असावं लागत नाही, पण इतक्या मोठ्या विद्वानानं ते लिहून ठेवावं याचं मला कौतुक वाटतं.

थोडा हिशेबही करून पाहिला. अकबरी शेर तीस दामांचा, म्हणजे आजच्या मापानं सहाशे ग्रॅमहून थोडा जास्त. त्यात पंधरा चपात्या म्हणजे चपातीला चाळीस-बेचाळीस ग्रॅम पीठ. आपली घडीची पोळी साधारण तीस ग्रॅमची. बादशहाची चपाती आपल्या पोळीहून जरा अंगानं भरलेली होती तर. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. अबुल फजलनं भट्टीची रोटी आणि तव्याची रोटी एकाच कलमात, एकाखाली एक ठेवल्या आहेत. एकीला खरी आणि दुसरीला तिची नक्कल म्हटलेलं नाही. दोघी बादशहाच्या पानात जात होत्या.

मग हा भेद आला कुठून? माझ्या मते तो चुलीतून आणि सरपणातून आला.

तंदूर म्हणजे मातीचं मोठं रांजणासारखं भांडं. आत विस्तव करायचा, भिंती चांगल्या चारशे अंशांपर्यंत तापू द्यायच्या आणि मग ओली रोटी आतल्या भिंतीला चिकटवायची. रोटीची पाठ भिंतीवर भाजते, तोंड निखाऱ्यांच्या धगीनं आणि आतल्या तापलेल्या हवेनं. दीड-दोन मिनिटांत काम होतं. पण ते दीड मिनिट येण्याआधी तास-दीड तास लाकडं जाळावी लागतात, आणि चार रोट्या करा की चाळीस, ती लाकडं तेवढीच. चार माणसांच्या घराला हे परवडणारं नाही. म्हणून शहरात नानबाईचं दुकान आलं. पंजाबात मोहल्ल्याचा एक सामाईक तंदूर, 'सांझा चुल्हा', आला. संध्याकाळी बायका घरून मळलेली कणीक परातीत घेऊन जायच्या, नंबर लागेपर्यंत बोलत बसायच्या आणि भाजलेल्या रोट्या फडक्यात बांधून घरी आणायच्या. त्या बोलण्याबद्दल पंजाबी लोक फार प्रेमानं लिहितात. लिहिणारे बहुतेक पुरुष असतात. पावसात, तापात, किंवा जावेशी भांडण झालेल्या दिवशी त्या तंदुरावर जायला कसं वाटत असेल, हे त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

इथे कुणी इतिहासाचा जाणकार मला अडवेल. राजस्थानातल्या कालीबंगनला १९६० ते १९६९ या काळात उत्खनन झालं, तेव्हा हडप्पापूर्व वस्तीतल्या घरांत भट्ट्या सापडल्या, काही जमिनीत खोदलेल्या, काही जमिनीवर बांधलेल्या. आजच्या तंदुराशी त्यांचं साम्य आहे, हे खरंच. पण भट्टी ही जमिनीत रुतलेली वस्तू. माणसं गाव सोडून गेली तरी ती तिथंच राहते आणि साडेचार हजार वर्षांनी पुरातत्त्वखात्याला सापडते. लोखंडी तवा मात्र माणसांबरोबर जातो, सासूकडून सुनेकडे येतो, पातळ होतो आणि शेवटी मोडीत निघतो. तव्याचा इतिहास थोडका दिसतो तो यामुळे. आणि भट्टी हवीच असंही नाही. जॉर्डनच्या वाळवंटात चौदा हजार चारशे वर्षांपूर्वीच्या चुलीत सपाट भाकरीचे जळके तुकडे सापडले, ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा शेतीसुद्धा सुरू व्हायची होती. रानटी धान्य आणि पाणवनस्पतींचे कंद दळून केलेली ती भाकरी साध्या चुलीत भाजली होती.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं औरंगाबादला गेली, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथला नान-खलिया प्रसिद्ध आहे. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या लवाजम्याला एकगठ्ठा जेवण घालता यावं म्हणून हा बेत निघाला, अशी कथा तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. कथा असो वा इतिहास, ती नानच्या स्वभावाला धरून आहे. लग्नाला शेकड्यानं नान लागतो, तो भट्टीवाल्याकडे सांगायचा आणि टोपल्या भरून आणायचा. शाळेत आमच्याबरोबर उर्दू शिकवणाऱ्या एक आपा होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी हा नान पहिल्यांदा पोटभर खाल्ला. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. तो मी खात नाही म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळी डाळ केली होती. मी विचारलं, "आपा, घरी नान करता का हो?" त्या म्हणाल्या, "घर में कौन करता है? घर में तो तवे की रोटी." सातशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या शहरातही नान बाजारचा आणि रोटी घरची, ही वाटणी अशी पक्की होती.

पण जिथे बाजारच नाही आणि घरही एका जागी नाही, तिथे काय करत असतील? याचं उत्तर मिळालं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मध्य आशियातले कझाक लोक मूळचे भटके पशुपालक. तंबू, घोडे, मेंढ्या घेऊन गवताच्या मागे फिरणारे. मातीचा तंदूर घोड्यावर लादून नेता येत नाही. ते काय करतात, तर एका लोखंडी पसरट भांड्यात आंबवलेल्या पिठाचा जाड गोळा थापतात, त्यावर दुसरं तसंच भांडं उपडं झाकतात आणि ही जोडी वाळक्या शेणाच्या निखाऱ्यांत ठेवतात. खाली निखारे, वरही निखारे. दोन्हीकडून धग लागून भाकरी फुगते. कझाक भाषेतही भाकरीला 'नान'च म्हणतात आणि त्या भांड्याला 'ताबा'. या पदार्थाचं नाव आहे 'ताबा नान'. मराठीत सांगायचं तर तव्यावरचा नान! भाच्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला.

त्यांच्याच शेजारी, तुर्कस्तानापासून इराणपर्यंत, कागदासारखी पातळ रोटी उपड्या घुमटाकार तव्यावर भाजतात. लवाश, युफ्का, कात्यर्मा, जुप्का अशी तिची नावं. २०१६ साली अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांनी मिळून ती करण्याची आणि वाटून खाण्याची रीत युनेस्कोच्या यादीत नोंदवून घेतली. त्या तव्याचं चित्र पाहिलं आणि मी मनात म्हटलं, अगं, हे तर आपलं खापर!

खानदेशातल्या वाचकांना खापर सांगायला नको. मातीचं उपडं, घुमटासारखं भांडं, त्यावर मांडे भाजायचे. पुरण भरलेली पोळी लाटण्याला न शिवता दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत मोठी करायची आणि अलगद खापरावर टाकायची. ज्यांना जमतं त्यांच्याकडे नुसतं बघत बसावं. मांडे हा शब्द संस्कृत 'मण्डक'वरून आला, आणि बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं लिहिलेल्या 'मानसोल्लास'मध्येही हा पदार्थ आहे.

मांड्यांचा विषय निघाला की मुक्ताबाईची आठवण येणारच. संतचरित्रांत येते ती कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, घरात खापर नव्हतं. आळंदीच्या विसोबा चाटीनं कुंभारांना ताकीद दिली की संन्याशाच्या या पोरांना भांडं द्यायचं नाही. मग ज्ञानदेवांनी योगबळानं आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मुक्ताबाईनं मांडे भाजले. आपण ही कथा चमत्कारासाठी सांगतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. घरात पीठ आहे, पुरण आहे, भूक आहे. आणि तरी रोटी होत नाही, कारण भाजायचं साधन दुसऱ्याच्या हातात आहे. मातीचं खापर फुटतं, पुन्हा कुंभाराकडे जावं लागतं, आणि कुंभाराला कुणीतरी दम देऊ शकतो. सामाईक तंदुराचंही तसंच. ज्याला तिथे बसू देत नाहीत, त्याची कणीक तशीच राहते. लोखंडी तवा एकदा घरात आला की दोन पिढ्या कुणाच्या दारी जावं लागत नाही. आपल्या समाजात कोण कुणाच्या विहिरीवर जाऊ शकत होतं आणि कोण नाही, हे माहीत असलेल्या माणसाला या तव्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागू नये.

मग आपल्या मध्यमवर्गीय घरांत 'खरा नान म्हणजे तंदुरातला' हे कधी ठरलं? त्याची सुरुवात फाळणीपासून. पेशावर आणि पश्चिम पंजाबातून लाखो माणसं उजाड होऊन दिल्लीला आली, तेव्हा त्यांच्याबरोबर तंदूरही आला. पेशावरहून आलेले कुंदनलाल गुजराल आणि त्यांचे भागीदार यांनी १९४७ साली दर्यागंजमध्ये 'मोती महल' सुरू केलं. तंदुरी कोंबडी आणि बटर चिकनची कीर्ती तिथूनच पसरली. (बटर चिकन नेमकं कुणी शोधलं यावर त्या भागीदारांच्या वारसांत २०२४ साली दिल्लीच्या कोर्टात दावा उभा राहिला. आता बोला!) पुढे गावोगावच्या हॉटेलांत 'पंजाबी डिश' आली आणि तिच्याबरोबर नान. आमच्या पिढीनं नान पहिल्यांदा पाहिला तो हॉटेलात, पगाराच्या आठवड्यात, स्टीलच्या टोपलीत, फडक्याखाली. म्हणून तो आम्हाला बाहेरचा, साजरा करायचा पदार्थ वाटला. घरी तव्यावर तो होऊ शकतो ही कल्पनाच मनात येत नव्हती. ज्यांनी तो आणला त्यांचं घर मागे राहिलं होतं, हे तर माझ्या ध्यानीही नव्हतं.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे. इतिहास सांगून पोट भरत नाही, हे माझे विद्यार्थी मला नेहमी सांगत.

तंदुरात तीन बाजूंनी मिळणारी उष्णता तव्यावर फक्त खालून मिळते. वरची बाजू कशी भाजायची, एवढाच काय तो प्रश्न. त्याची दोन उत्तरं आहेत. पहिलं लोखंडी किंवा बिडाच्या तव्याचं. नान लाटून एका बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि ती ओली बाजू कडकडीत तापलेल्या तव्यावर टाकायची. नान तव्याला चिकटतो, जसा तंदुराच्या भिंतीला चिकटतो. वर फुगे आले की तवा मुठीला धरून सरळ उपडा करायचा आणि नानचं तोंड गॅसच्या ज्वाळेवर फिरवायचं. काळे-तपकिरी डाग पडले की उलथन्यानं सोडवून घ्यायचा. ही युक्ती माझ्या मते गॅसची शेगडी आल्यावरच शक्य झाली. मातीच्या चुलीवर तवा उपडा कुठे करणार? गंमत बघा, भाकरीला आपण पाणी वरच्या बाजूला फिरवतो आणि नानला खालच्या. भाकरीचं पाणी पापुद्रा सुटावा म्हणून, नानचं पाणी चिकटावा म्हणून.

दुसरं उत्तर कझाक बायकांचं, म्हणजे झाकणाचं. हे नॉनस्टिक फ्राइंग पॅनसाठी. नॉनस्टिकचा लेप १९३८ साली अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञाला अपघातानं सापडला, आणि त्याचा सगळा गुण म्हणजे त्याला काही चिकटत नाही. तिथे पाणी लावून तवा उपडा केलात तर नान थेट बर्नरवर पडेल. शिवाय रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर तापत ठेवू नये, लेप बिघडतो. म्हणून मध्यम आच, नान टाकल्यावर घट्ट झाकण, दीड मिनिट. आतल्या वाफेनं वरची बाजू शिजते. मग उलटून बिनझाकणानं आणखी मिनिटभर. डाग कमी पडतात, पण नान मऊ राहतो. परदेशातल्या आमच्या एका भाचीकडे विजेची शेगडी आहे. ज्वाळ नाही, त्यामुळे फुलके फुगवायचीही तिची पंचाईत. ती याच रीतीनं करते.

पिठाचं माझं प्रमाण असं. दोन वाट्या मैदा आणि एक वाटी कणीक, अर्धी वाटी आंबट दही, पाव चमचा खाण्याचा सोडा, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं कोमट दूध. दह्याची आंबटी आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, आणि गव्हातलं चिवट द्रव्य त्याला फुग्यासारखं कोंडून ठेवतं. ज्वारी-बाजरीत ते चिवट द्रव्य नाही, म्हणून त्यांचा नान होत नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं, हाताला किंचित चिकटेल इतकं. ओलं फडकं टाकून दोन तास ठेवायचं. लाटताना पोळीपेक्षा जाड ठेवायचा, पाव इंचाच्या आसपास, आणि हातानं एका टोकाकडे ओढायचा. कलौंजी किंवा लसूण-कोथिंबीर लाटतानाच वरून दाबून बसवायची, नाहीतर ती तव्यावर सुटून जळते आणि पुढचा नान कडू लागतो. एवढ्या पिठाचे आठ होतात. एकाच माणसानं लाटायचं आणि त्यानंच भाजायचं असेल तर आठही आधी लाटून ठेवू नयेत, एकमेकांना चिकटतात. एक तव्यावर, एक पोळपाटावर.